मिठाला वाट कोण देतं?

गेल्या अंकात जमिनीखालच्या मिठाच्या थरांचा ओझरता उल्लेख आला आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण प्रश्नच तसा होता.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना युटा राज्यात मोआब गावाजवळचं आर्चेस नॅशनल पार्क पाहिलं. तिथल्या फलकावर लिहिलं होतं, की इथल्या दगडी कमानींचं मूळ जमिनीखालच्या मिठात आहे. मीठ वर चढलं आणि नंतर दरी खचली. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, पण हे काही जुळेना. मीठ हलकं म्हणून वर आलं म्हणावं, तर तिथे डोंगर हवा. दरी कशी? – एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : फलकावर दोन ओळींत उरकलेली ही गोष्ट तीस कोटी वर्षांहून लांब आहे, त्यामुळे तुमचा ताळेबंद जुळला नाही यात नवल नाही. फलक खोटं सांगत नाही, मधल्या नोंदी गाळतो. आणि ‘हलकं म्हणून वर आलं’ ही नोंद तर आपण सगळेच घाईने करून मोकळे होतो.

माझी सगळी नोकरी भूकंपीय छेद वाचण्यात गेली. जमिनीत किंवा समुद्रात धक्का द्यायचा, खालच्या थरांवर आपटून परत येणाऱ्या लहरी टिपायच्या आणि त्यांवरून पोटातल्या थरांचं चित्र उभं करायचं, हा आमचा धंदा. सुरुवातीच्या काळात ही चित्रं टेबलभर लांबीच्या कागदावर यायची आणि आम्ही रंगीत पेन्सिली घेऊन बसायचो. मिठाला गुलाबी. अ‍ॅबर्डीनला उत्तर समुद्राच्या कामावर होते तेव्हा सगळ्यात आधी गुलाबी पेन्सिल संपायची. खाली एक मिठाचा थर, त्यातून मध्येच वर निघालेल्या भिंती, खांब, फुगवटे. बाजूच्या थरांच्या रेघा त्या गुलाबीपाशी येऊन तुटायच्या आणि आत काहीच दिसायचं नाही. हे मीठ वर कसं आलं, याचं कॉलेजात शिकलेलं उत्तर आमच्याजवळ तयार होतं : हलकं आहे, म्हणून.

ते उत्तर कुठून आलं तेही सांगते. १९३४ साली नेटलटन या अमेरिकी भूभौतिक शास्त्रज्ञाने खाली हलका द्रव आणि वर जड द्रव ठेवून, खालचा द्रव खांबासारखा वर कसा उसळतो ते दाखवलं. १९६० मध्ये ट्रुसहाइम यांनी उत्तर जर्मनीतल्या मिठाच्या उशा, घुमट आणि भिंती यांची अशीच मांडणी केली : मीठ आपल्याच हलकेपणाने हळूहळू वर निघतं, कुणी ढकलायची गरज नाही. मांडणी देखणी होती. पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली.

तिच्यात खोट एकच. मिठावरचं झाकण द्रव नसतं, खडक असतो. मिठाची घनता घनसेंटिमीटरला साधारण २.२ ग्रॅम, आणि ते कितीही खोल पुरलं तरी ती फारशी बदलत नाही. समुद्रतळावर नुकताच साचलेला चिखल त्याहून हलका असतो. वरून भर पडत गेली, पाणी पिळून निघालं, की तो जड होत जातो. पण मिठापेक्षा जड व्हायला त्याला किलोमीटर-दीड किलोमीटर खाली जावं लागतं. मिठावरच्या सगळ्या थरांचा सरासरी हिशेब मिठापेक्षा जड व्हायला त्याहूनही जाड भर लागते. म्हणजे मीठ ‘हलकं’ ठरेपर्यंत त्याच्या डोक्यावर किलोमीटरच्या वर जाडीचा घट्ट खडक बसलेला असतो. तो फोडायला मिठाचा हलकेपणा अगदीच तोकडा पडतो. मग वाट कोण देतं?

पुरणपोळी लाटणाऱ्यांना हे सांगायला नको. पुरण कणकेपेक्षा हलकं आहे की जड, याच्याशी कुणालाच कर्तव्य नसतं. लाटणं दाबतं आणि पारी जिथे ताणून पातळ झाली असेल तिथे पुरण डोकं काढतं. जमिनीखाली लाटण्याचं काम वरच्या थरांचं वजन करतं आणि पारी पातळ करण्याचं काम पृथ्वीच्या कवचाचा ताण.

हे नीट उलगडलं ते १९९०च्या सुमारास, वाळूच्या खोक्यात. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेत ब्रूनो व्हांदव्हील आणि मार्टिन जॅक्सन यांनी खडकाच्या जागी कोरडी वाळू घेतली, कारण वाळू खडकासारखीच तुटते, तिच्यात भेगा पडतात. मिठाच्या जागी सिलिकोनचा दाट लगदा घेतला. खोक्याची एक भिंत मोटरने अतिशय सावकाश मागे ओढायची आणि वरून रंगीत वाळूचे पातळ थर चाळत राहायचं, म्हणजे ताण चालू असताना गाळही साचतो आहे. शेवटी सगळं ओलं करून कापायचं आणि छेद पाहायचा. असे कापलेले छेद मी समोर ठेवून पाहिले आहेत. आमच्या कागदी चित्रांशी त्यांचं साम्य इतकं होतं, की पोटात गोळा आला. किती ठिकाणी ‘हलकेपणा’ असा शेरा मारून पुढे गेलो असू आपण सगळे!

खोक्यात होतं ते असं. ताण बसला की वाळूत दोन तिरक्या भेगा पडतात आणि मधला तुकडा खाली घसरतो. या खचलेल्या पट्ट्याला ग्राबेन म्हणतात. तिथे झाकण पातळ झालं, म्हणजे त्याखालच्या मिठावरचं ओझं घटलं. शेजारी झाकण अजून जाड आहे, तिथे ओझं तेवढंच आहे. मीठ जास्त ओझ्याकडून कमी ओझ्याकडे सरकतं आणि खचलेल्या पट्ट्याखाली त्रिकोणी उंचवटा होऊन वर येऊ लागतं. या टप्प्यात झाकण मिठापेक्षा हलकं असलं तरी बिघडत नाही. आणि भिंत ओढणं थांबवलं की मीठही थांबतं! बँकेच्या भाषेत सांगायचं तर इथे मिठाच्या खात्यात स्वतःची कमाई शून्य. ताण जेवढा भरणा करेल तेवढीच त्याची उंची.

ताण चालू राहिला आणि छप्पर पुरेसं पातळ झालं, की मग मात्र मीठ हात दाखवतं. छपराच्या उरल्यासुरल्या पापुद्र्याला ते उचलतं, बाजूला सारतं आणि पृष्ठभागावर येतं. इथे दाबाचा आणि हलकेपणाचा खरा उपयोग. एकदा डोकं बाहेर निघालं की तिसरी तऱ्हा सुरू होते : आजूबाजूला गाळ साचत राहतो, त्याच्या वजनाने आजूबाजूचा तळ बसत जातो, आणि मिठाचं डोकं मात्र गाळाच्या बरोबरीने वरच राहतं. पाहणाऱ्याला वाटतं, खांब किती किलोमीटर छेदून वर आला! त्याने छेदलं काहीच नाही. खांब होता तिथेच होता, तळ त्याच्याभोवती खाली बसला. टेक्सासमधल्या मीठघुमटांबद्दल डोनाल्ड बार्टन यांनी हेच १९३३ साली सुचवलं होतं.

आता तुमच्या दरीकडे. खोक्याची भिंत ओढतच राहिली तर काय? झाकण रुंद होत जातं, भेग रुंद होत जाते आणि ती भरून काढायला मिठाला पसरावं लागतं. खालच्या थरात मीठ आहे तोवर पुरवठा होतो. ते संपत आलं, वरचे-खालचे थर एकमेकांना टेकले, की पुरवठा बंद. आमच्या कामात अशा टेकलेल्या जागेला ‘वेल्ड’ म्हणतात. पुरवठा बंद आणि मागणी चालू, तर मिठाची भिंत आपलीच उंची मोडून रुंदी भागवते. तिचा माथा बसतो, वरचं छप्पर त्याच्याबरोबर खाली येतं आणि जिथे उंचवटा होता तिथे खोलगट पट्टा तयार होतो. व्हांदव्हील आणि जॅक्सन यांनी १९९२ साली या विषयावर जोडलेख लिहिले : एक मिठाच्या चढण्यावर, दुसरा पडण्यावर. ज्या ताणाने मिठाला वर घेतलं तोच ताण त्याला खाली आणतो, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमचा प्रश्नही नेमका त्यावरच बोट ठेवतो.

मोआबला मात्र सगळं श्रेय ताणाला देता येणार नाही. तिथलं मीठ साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वीचं. ईशान्येला अन्कमपाग्रे नावाची पर्वतरांग उचलली जात होती आणि तिच्या पायथ्याशी कवच खाली वाकून पॅराडॉक्स खोरं तयार झालं. समुद्र आत यायचा, कोंडला जायचा, आटायचा. असं तीसच्या आसपास वेळा झालं. मग त्या पर्वताची झीज, दगडगोट्यांसकट, खोऱ्याच्या ईशान्य कडेला साचली. एका बाजूला एवढं ओझं आल्यावर मीठ नैर्ऋत्येकडे सरकलं. वाटेत तळाच्या खडकातले जुने प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून दोन बाजू वर-खाली सरकलेल्या भेगा, पायऱ्यांसारखे आडवे आले आणि मीठ तिथे वर वळलं. वायव्य-आग्नेय दिशेच्या त्या मिठाच्या भिंती काही जागी तीन किलोमीटरहून जाड आहेत. मोआबची दरी आणि पार्कमधली सॉल्ट व्हॅली अशाच दोन भिंतींच्या माथ्यावर आहेत.

कमानींचा वालुकाश्म या सगळ्यावर फार उशिरा साचला. खालच्या भिंतीवर तो वाकला, ताणला गेला आणि त्यात दरीला समांतर अशा शेकडो उभ्या भेगा पडल्या. भेगा रुंदावत जाऊन मध्ये दगडाच्या उभ्या पाती उरल्या, त्यांना भोकं पडली. तुम्ही पाहिलेल्या कमानी त्या ह्या. पुढे सगळं पठार उचललं गेलं, कोलोरॅडो नदी खोल कापत गेली, पाणी मिठापर्यंत पोचलं. मीठ विरघळलं, छप्पर बसलं, दरी झाली. खचण्यात विरघळण्याचा वाटा किती आणि ताणाचा किती, यावर भूशास्त्रज्ञांत अजून घोळ आहे. दरीच्या कडेला प्रस्तरभंग ज्या शिस्तीत उभे आहेत, ते पाहता मी ताणाच्या बाजूने थोडं जास्त वजन टाकेन; पण पाण्याला वगळून चालणार नाही. पार्कच्या स्वागतकेंद्रासमोर महामार्गापलीकडे मोआब प्रस्तरभंग दिसतो, तिथे दोन बाजूंचे थर सातशे मीटरहून अधिक सरकले आहेत. सॉल्ट व्हॅलीच्या तळाशी राखाडी, भुसभुशीत टेकाडं आहेत. तो मीठ धुऊन गेल्यावर उरलेला जिप्सम. पर्यटक त्यांचे फोटो काढत नाहीत, आणि मला तर सगळ्या पार्कमध्ये तीच पाहण्यासारखी वाटतात.

ताण आत्ता चालू असलेला पाहायचा असेल, तर मोआबच्या नैर्ऋत्येला कॅन्यनलँड्समध्ये नीडल्स भागातले ग्राबेन पाहावेत. तिथे मिठावर साडेचारशे मीटरच्या आसपास जाडीची खडकाची लादी आहे. कोलोरॅडो नदीने एक बाजू खोल कापून काढल्यामुळे तिचा आधार गेला आहे आणि लादी मिठावरून नदीकडे घसरते आहे, वर्षाला काही मिलिमीटर. घसरताना ती तुटते. एकामागून एक समांतर दऱ्या पडल्या आहेत, अगदी खोक्यातल्या वाळूसारख्या. आणि नदीच्या पात्राखाली, जिथे डोक्यावरचं ओझंच नदीने कापून नेलं, तिथे थर कमानीसारखे वर वाकले आहेत. खालचं मीठ तिकडे सरकतं आहे.

मग डोंगर कुठेच नाही का? आहे. मृत समुद्राच्या नैर्ऋत्य काठावर सदोम डोंगर आहे : दहा किलोमीटरहून लांब, जवळजवळ सगळा मिठाचा, आणि वर्षाला पाच ते नऊ मिलिमीटर वर चढणारा. मृत समुद्राचं खोरंही कवच फाकल्यानेच झालेलं. फरक एवढाच, की तिथे पाऊस नगण्य. मीठ विरघळण्यापेक्षा चढतं जास्त, म्हणून डोंगर उभा आहे.

प्रश्न : मीठ स्फटिक असतं, म्हणजे घन. मग ते ‘वाहतं’ कसं? आमच्या डब्यातलं मीठ वाहत नाही, उलट पावसाळ्यात गोळा होतं. – अकरावीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझ्या प्रश्नाच्या शेवटच्या शब्दांतच अर्धं उत्तर आहे. पावसाळ्यात मीठ गोळा होतं, कारण कणांच्या पृष्ठावर ओलाव्याचा पातळ थर बसतो. कण एका जागी विरघळतात, दुसऱ्या जागी परत स्फटिक होतात आणि एकमेकांना चिकटतात. जमिनीखाली हेच दाबाखाली चालतं. मिठाच्या कणांच्या सांध्यांत पाण्याचा अगदी नगण्य अंश अडकलेला असतो. जिथे कण दुसऱ्या कणावर जोराने दाबला जातो तिथे तो विरघळतो, आणि दाब कमी असलेल्या बाजूला तेच मीठ परत जमतं. कण असा हळूहळू आकार बदलतो. असे अब्जावधी कण एकदम बदलले की सगळा थर सरकला. शिवाय स्फटिकाच्या आतही अणूंच्या ओळी एकमेकींवरून घसरतात, आणि खोल जाऊन तापमान वाढलं की ते सोपं होतं. हे सगळं होताना मीठ घनच असतं. वितळत नाही, साध्या मिठाला वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आणि आपण बोलतो आहोत त्या खोलीवर त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी उष्णता नसते.

दाटपणा समजायला आकडा देते. पाण्याचा चिकटपणा पास्कल-सेकंद या एककात एक-हजारांश. खाणीतल्या मिठाचा एकावर सतरा ते वीस शून्यं. म्हणून डब्यासमोर बसून वाट पाहण्यात अर्थ नाही. पण मिठाच्या खाणीतल्या माणसाला तो वेग दिसतो : खोदलेली दालनं वर्षाला काही सेंटिमीटरने आवळत येतात, छत आणि जमीन जवळ येतात, आणि वापरात ठेवायच्या वाटा पुन्हापुन्हा तासाव्या लागतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये कार्ल्सबाडजवळ जमिनीखाली साडेसहाशे मीटरवर मिठाच्या थरात किरणोत्सारी कचरा ठेवतात, तिथे तर या आवळण्यावरच भिस्त आहे. मीठ आपणहून कचऱ्याभोवती बंद व्हावं, असाच तो बेत आहे.

इराणमध्ये झाग्रोस पर्वतात मीठ जमिनीवर येऊन उताराने खाली सरकतं, नजर जाईल तिथवर. पाऊस पडला की त्याचा वेग वाढतो, आणि का ते तुला आता कळलं असेल.

प्रश्न : आमची मिठागरं होती, आता बुजली. तुमचा लेख वाचून वाटलं, आमच्या आगराचं मीठ चिखलाखाली गाडलं गेलं असतं तर लाखो वर्षांनी तेही असंच वर आलं असतं का? – एक वाचक, उरण

उत्तर : नाही हो. एवढ्याशा मिठाला कुणी वाट देत नाही. मीठ सरकायला थर जाड हवा. काही मीटरचा थर वरच्या-खालच्या खडकाला घासूनच अडकतो. शे-दीडशे मीटर आणि त्यापुढे त्याला खेळायला जागा मिळते.

पण जाड थर जमवणं किती अवघड, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार. एक किलोमीटर खोल समुद्र पूर्ण आटवला, तरी तळाशी साधं मीठ जेमतेम बारा-तेरा मीटर बसतं. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, त्यात तीनचतुर्थांशाच्या थोडं वर खायचं मीठ. तुम्ही स्वतः हिशेब करून पाहा. मग किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचं मीठ येतं कुठून? वारंवार भरती येणाऱ्या, पण परत नीट न वाहणाऱ्या खोऱ्यातून. समुद्राचं पाणी उंबरठ्यावरून आत येत राहतं, ऊन ते आटवत राहतं, तळ खचत राहतो. अनुक्रम तुमच्या आगरासारखाच : आधी चुनखडी, मग जिप्सम, मग मीठ, आणि शेवटी तुम्ही सोडून देता ते कडू पाणी. त्यातून पोटॅशचे क्षार बसतात. मोआबजवळ डेड हॉर्स पॉइंटवरून खाली गडद निळी तळी दिसतात. ती पोटॅशची आगरंच आहेत. खाणीत पाणी सोडून क्षार विरघळवतात, वर आणतात आणि उन्हात वाळवतात. निळा रंग मुद्दाम घालतात, ऊन जास्त शोषलं जावं म्हणून.

अशी खोरी मिळतात तरी कुठे, तर बहुतेक वेळा खंड फाटायला लागतात तिथे. कवच ताणतं, मधला पट्टा खचतो, अरुंद समुद्र आत शिरतो आणि कोंडतो. तांबड्या समुद्रात हे झालं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका वेगळ्या होताना झालं, सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वी; ते मीठ आज ब्राझीलच्या आणि अँगोलाच्या दोन्ही किनाऱ्यांसमोर वाटून पडलं आहे. ब्राझीलकडे दोन-दोन किलोमीटर मिठाखाली तेल सापडलं, २००६ मध्ये. अँगोलाकडे मिठावरचे चुनखडीचे थर समुद्राकडे घसरत घसरत एकमेकांपासून इतके लांब गेले, की मधली सगळी जागा नंतरच्या गाळाने भरली आहे. म्हणजे ताण मिठाला आधी जन्म देतो, पुढे वर चढवतो आणि मग पाडतोही. कोकण किनाऱ्यासमोर असा जाड थर नाही. मुंबई हायचं तेल चुनखडीतलं आहे, तिथे आमच्या कुणाच्या गुलाबी पेन्सिलीला काम पडलं नाही.

तांबड्या समुद्राच्या काठावरचं सौदी अरेबियातलं जिझान शहर मात्र मीठघुमटावरच वसलं आहे. जुन्या भागातल्या इमारतींच्या पायाखालचं मीठ विरघळून जमीन बसते, भिंतींना तडे जातात.

प्रश्न : आम्ही हॅनोव्हरला राहतो. इथून जवळच आसं नावाच्या मिठाच्या खाणीत अणुकचरा पुरला आहे आणि आता तो बाहेर काढणार म्हणतात. मीठ सरकतं म्हणून का? – एक वाचक, जर्मनी

उत्तर : सरकण्यामुळे थोडं, पाण्यामुळे जास्त. आसं इथे १९६७ ते १९७८ या काळात कमी आणि मध्यम किरणोत्साराच्या कचऱ्याची सव्वा लाखाच्या आसपास पिंपं ठेवली गेली. पण ती जागा कचऱ्यासाठी मुद्दाम खोदलेली नव्हती. जुनी पोटॅश-मिठाची खाण, दशकानुदशकं पोखरलेली, आणि पोखरण मिठाच्या कडेपर्यंत गेलेली. मोकळ्या दालनांवर डोंगराचा भार आला, मीठ आणि शेजारचा खडक वाकला, भेगा पडल्या आणि बाहेरचं पाणी आत झिरपू लागलं. मिठाचा शत्रू पाणीच. अखंड मिठाला भेग पडली तर ते स्वतः बुजवतं; पोखरलेल्या मिठाला तेवढी उसंत मिळत नाही.

तुमच्या भागातलं मीठ झेकश्टाइन काळातलं, सुमारे साडेपंचवीस कोटी वर्षांचं. गोर्लेबेनचा घुमट त्याच थरातून वर आलेला. १९७७ मध्ये तो कायमच्या साठवणीसाठी निवडला, त्यावर जर्मनीत चार दशकं आंदोलनं झाली आणि २०२०च्या सप्टेंबरमध्ये यादीतून वगळला. आज त्याचं चढणं मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतकं सावकाश आहे. त्यामुळे ‘मीठ कचरा घेऊन वर येईल’ ही भीती मला तरी फारशी पटत नाही. मिठावरचे खडक पाण्याला किती अडवतात, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुट्टी असेल तर ल्यूनबुर्गला जाऊन या. मीठघुमटावर वसलेलं गाव, शतकानुशतकं खारं पाणी उपसून श्रीमंत झालेलं. मिठाचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण जुन्या वस्तीतली घरं अजून वाकडी होत आहेत. हेल्गोलँड बेटाची तांबडी कडाही खालच्या मिठाने उचललेली आहे.

प्रश्न : उपवासाला वापरतो ते शेंदेलोण हिमालयातलं म्हणतात. तेही असंच कवच ताणून वर आलं का? – एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : उलट. ते कवच आवळून वर आलं. बाजारात येणारं गुलाबी मीठ बहुतेक पाकिस्तानातल्या पंजाबच्या खेवडा भागातलं आहे, हिमालयाच्या मुख्य रांगेपासून बरंच दक्षिणेला. थर पन्नास कोटी वर्षांहून जुना. भारतीय भूखंड उत्तरेकडे दाबला जात असताना वरचे थर या निसरड्या मिठावरून दक्षिणेला सरकले आणि कडेला एकावर एक चढून सॉल्ट रेंज उभी राहिली. मीठ त्यांच्या पायाशी उघडं पडलं. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ द्रंग आणि गुम्मा इथेही सैंधवाच्या खाणी आहेत. खेवड्याच्या मिठाचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो. शुद्ध सैंधव काचेसारखं पारदर्शक असतं.